शिकागोची गुरांची पेठ आणि शेतकऱ्यांचा सहकार

धान्य कोठारांत भरून ठेवतां येतें, कापूस गांठी बांधून वखारींत टाकतां येतो, आणि भाव मनासारखा नसला तर त्याचा धनी चार दिवस वाट पाहूं शकतो. जनावरांचें तसें नाहीं. विक्रीस काढलेलें जनावर परक्या गांवच्या बाजारांत उभें राहिलें कीं तें रोज विकतचा चारा खातें, आणि प्रवासाच्या दगदगीनें त्याचें वजन मात्र घटत जातें. ज्या मालाला थांबतां येत नाहीं, त्याच्या धन्यालाहि थांबतां येत नाहीं. आणि विक्रेत्याला थांबतां येत नाहीं हें गिऱ्हाइकाला एकदां कळलें, म्हणजे भाव गिऱ्हाईकच ठरवितें. गुरांच्या व्यापारांतील सर्व दुःखाचें मूळ एवढ्याशा गोष्टींत आहे. तें दुःख सहकाराच्या मार्गानें दूर करण्याचा जो प्रयत्न अमेरिकेंतील शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या केला, त्याचा इतिहास यशापयशाच्या दोन्ही अंगांनीं मनन करण्याजोगा आहे.

या इतिहासाची रंगभूमि म्हणजे शिकागो शहर. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपून आठ महिने होतात न होतात तोंच, २५ डिसेंबर १८६५ रोजीं, या शहराच्या दक्षिणेस ३२० एकरांच्या दलदलीच्या जागेवर ‘युनियन स्टॉक यार्ड’ या नांवाची गुरांची प्रचंड पेठ उघडण्यांत आली. तोंपर्यंत शहरांत ठिकठिकाणीं लहान लहान वाडे होते, आणि एका रेल्वेनें आलेलीं जनावरें दुसऱ्या रेल्वेपर्यंत रस्त्यांतून हांकीत न्यावीं लागत. नऊ रेल्वे कंपन्यांनीं पुढाकार घेऊन हे सर्व वाडे एका जागीं आणले. पुढें दोनच वर्षांनीं, १८६७ मध्यें, जोसेफ मॅकॉय नांवाच्या व्यापाऱ्यानें कॅन्सस राज्यांतील अॅबिलीन या गांवीं रेल्वेच्या कांठीं गुरांचे वाडे बांधले, आणि टेक्सासच्या कुरणांतील लांब शिंगांचे कळप शेंकडों मैल चालत येऊन तेथें वाघिणींत चढूं लागले. अशा रीतीनें एका बाजूस अफाट कुरणें, दुसऱ्या बाजूस पूर्व किनाऱ्यावरील दाट वस्तीचीं शहरें, आणि मध्यें शिकागोची पेठ, अशी या व्यापाराची मांडणी झाली.

या मांडणींत खरा फेरफार घडवून आणला तो बर्फानें. १८७५ मध्यें गुस्ताव्हस स्विफ्ट नांवाचा एक उद्योगी खाटीक पूर्वेकडून शिकागोस आला. जिवंत जनावर पूर्वेस पाठविलें तर त्याचीं हाडें, कातडें व आंतडीं या सर्वांचें भाडें भरावें लागतें, आणि वाटेंत तें वाळतें तें निराळेंच, हा हिशेब त्याच्या ध्यानांत आला. त्यानें अँड्रयू चेस या एंजिनियराकडून बर्फानें थंड राहणारी वाघीण तयार करून घेतली. जिवंत जनावरांच्या भाड्यावर ज्यांची मोठी कमाई होती त्या रेल्वे कंपन्यांनीं प्रथम नाकें मुरडलीं. पण थंडगार वाघिणींतून मांस पूर्वेकडे जाऊं लागलें तें गेलेंच. या युक्तीचा परिणाम असा झाला कीं, गांवोगांवच्या खाटकांची जागा कांहीं थोड्या बलाढ्य कारखानदारांनीं घेतली. स्विफ्ट, आर्मर, मॉरिस, विल्सन आणि कडाही हीं पांच नांवें पुढें अमेरिकेंत घरोघर माहीत झालीं. विकणारे लाखों आणि घेणारे पांच, अशी ती स्थिति होती.

पेठेंतील व्यवहाराची पद्धति समजून घेतल्यावांचून शेतकऱ्याची अडचण ध्यानांत यावयाची नाहीं. शेतकरी गुरें स्वतः विकीत नसे. तीं तो एखाद्या अडत्याच्या नांवें पाठवी. पहाटे गाड्या रिकाम्या होत, जनावरें अडत्याच्या वाड्यांत जात, आणि तेथें त्यांस चारा व पाणी मिळे. प्रवासांत घटलेलें वजन थोडेंफार भरून यावें म्हणून विकणाराला तीं वजनापूर्वीं पोटभर प्यालेलीं हवीं असत. घेणाऱ्याला अर्थातच तीं तशीं नको असत. मग कारखानदारांचे खरेदीदार घोड्यावर बसून वाड्यावाड्यांतून फिरत, आणि अडत्याशीं दोन शब्दांत सौदा ठरे. लिलाव नसे, शेजारच्या वाड्यांत काय भाव निघाला तें शेतकऱ्यास कळण्याचा मार्ग नसे. महाराष्ट्रांतील गुरांच्या बाजारांत उपरण्याखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची जी जुनी चाल आहे, ती ज्यानें पाहिली आहे त्याला या गुप्ततेचें मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. सौदा झाला कीं जनावरें कांट्यावर जात, आणि कांहीं दिवसांनीं दूरच्या खेड्यांत शेतकऱ्याच्या हातीं एक पट्टी पडे. तींत विक्रीची रक्कम वर, आणि तिच्याखालीं रेल्वेचें भाडें, वाड्याचें भाडें, चाऱ्याचा खर्च व अडत असे एकेक आंकडे वजा होत गेलेले असत. खालीं उरलेला आंकडा ही त्याची वर्ष दोन वर्षांच्या मेहनतीची किंमत.

अडत्यांनीं आपली एकी आधींच करून ठेविली होती. शिकागोंत १८८४ मध्यें व कॅन्सस सिटींत १८८६ मध्यें त्यांचे ‘लाइव्ह स्टॉक एक्स्चेंज’ नांवाचे संघ स्थापन झाले. अडतीचा दर संघानें ठरवावयाचा, त्याहून कमी कोणी घ्यावयाचा नाहीं, घेतलेल्या अडतींतून गिऱ्हाइकास कांहीं परत द्यावयाचें नाहीं, असे त्यांचे नियम असत. या नियमांना एक चांगली बाजूहि होती. बुडव्या व लबाड अडत्यांस त्यांनीं आळा घातला आणि पेठेंतील व्यवहाराला कांहीं शिस्त लाविली. परंतु त्याच नियमांनीं शेतकऱ्यासमोर दार लावून घेतलें, ही गोष्ट लवकरच अनुभवास आली.

इंग्लंडांतील रॉचडेल गांवच्या विणकरांनीं १८४४ मध्यें जें सहकारी दुकान काढलें, त्याचें एक मुख्य तत्त्व असें होतें कीं, नफा भांडवलाच्या प्रमाणांत न वांटतां ज्यानें जेवढा व्यवहार केला त्याला तेवढ्या प्रमाणांत परत द्यावा. कॅन्सस व आसपासच्या प्रदेशांतील शेतकऱ्यांनीं हेंच तत्त्व अडतीस लाविलें. शेतकरी-संघटनांच्या पाठिंब्यानें १८८९ मध्यें ‘अमेरिकन लाइव्ह स्टॉक कमिशन कंपनी’ निघाली. ती इतरांइतकीच अडत घेई, पण वर्षाअखेर जो नफा उरे त्यांतील भाग गुरें पाठविणाऱ्या सभासदांस परत करी. शिकागोच्या संघास यांत आपल्या नियमाचा भंग दिसला. परतावा म्हणजे अडतींतील चोरटी सूट, असा अर्थ लावून संघानें कंपनीस बाहेर काढलें. कंपनी न्यायालयांत गेली. १८९२ मध्यें इलिनॉय राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें निर्णय दिला कीं, संघ ही लोकांनीं स्वखुषीनें काढलेली संस्था आहे. तिच्या अंतर्गत नियमांत न्यायालय हात घालणार नाहीं. पेठेंतील इतर अडत्यांशीं व खरेदीदारांशीं व्यवहार तुटल्यावर कंपनीचा टिकाव लागणें शक्य नव्हतें. पुढें १८९८ मध्यें कॅन्सस सिटीच्या संघाविरुद्ध मध्यवर्ती सरकारनें चालविलेल्या खटल्यांत संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि सरकारच्या विरुद्ध निकाल दिला. अडत्याचें काम स्थानिक आहे, तें राज्याराज्यांमधील व्यापाराचें अंग नव्हे, म्हणून मध्यवर्ती कायदा त्यास लागू पडत नाहीं, असें न्यायमूर्तींचें म्हणणें पडलें. निरनिराळ्या राज्यांतून येऊन निरनिराळ्या राज्यांत जाणारीं जनावरें पेठेच्या फाटकांत शिरलीं कीं स्थानिक होत, असा याचा अर्थ होता.

शहरांतील दार बंद झालें तरी खेड्यांतील दार उघडें होतें. खेड्यांत गुरें गोळा करणारा फिरता व्यापारी असे. एका वाघिणींत सुमारें पंचवीस मोठीं जनावरें मावत. ज्या शेतकऱ्याजवळ विकावयास तीनच होतीं त्याला वाघीण परवडत नसे, आणि तो त्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाही. यावर उपाय अगदीं साधा होता: आठ-दहा शेतकऱ्यांनीं मिळून वाघीण भरावयाची. नेब्रास्का राज्यांतील सुपीरियर या गांवीं १८८३ मध्येंच अशी एक रवानगी-मंडळी निघाली होती. १९०८ मध्यें मिनेसोटांतील लिचफील्ड गांवीं निघालेल्या मंडळीनंतर तर या कल्पनेस विशेष जोर चढला, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मध्यपश्चिम राज्यांत अशा मंडळ्या शेंकडोंनीं निर्माण झाल्या.

त्यांचा कारभार पाहण्यासारखा असे. मोठें भांडवल नाहीं, इमारत नाहीं. सभासदांपैकींच एखादा विश्वासू गृहस्थ व्यवस्थापक, आणि त्याला जनावरांमागें किंवा वजनामागें थोडा मेहनताना. ज्याला जनावर पाठवावयाचें असेल तो टेलिफोनवरून अथवा निरोपानें त्याला कळवी. वाघीण भरेल एवढीं नांवें झालीं कीं दिवस ठरे. ठरल्या दिवशीं शेतकरी आपापलीं जनावरें घेऊन स्टेशनावर येत. तेथें प्रत्येकाचें वजन होई, आणि कोणाचें कोणतें हें ओळखतां यावें म्हणून पाठीवर कातरीनें केंस कापून किंवा रंगानें खूण करण्यांत येई. विक्रीची पट्टी आली म्हणजे वजनांतील घट व खर्च सर्वांस प्रमाणशीर लावून ज्याचे पैसे त्याला मिळत. वाटेंत एखादें जनावर मेलें अगर लंगडें झालें, तर त्याची भरपाई करण्यासाठीं प्रत्येक खेपेस थोडी रक्कम राखून ठेवीत. हा शेवटचा नियम लहान दिसतो, पण सहकाराचा सगळा आशय त्यांत आला आहे. शेजाऱ्याचा बैल मेला तर त्यांतील थोडें नुकसान आपण सोसावयाचें, हें ज्या गांवानें मान्य केलें, त्या गांवांत पुढील पायरी बांधणें कठीण नव्हतें.

या मंडळ्यांनीं फिरत्या व्यापाऱ्याची मिळकत शेतकऱ्याच्या घरांत आणली, शिवाय पेठेंतील भावाची वार्ताहि आणली. जो शेतकरी पूर्वीं आपल्या फाटकापाशीं उभा राहून एकाच्याच तोंडून भाव ऐके, त्याच्या हातीं आतां छापील पट्टी येऊं लागली. चांगल्या जनावराला किती अधिक मिळतें हें त्याला प्रत्यक्ष दिसलें, आणि पट्टी वाचणारा शेतकरी हळूहळू अडतीचा आंकडाहि वाचूं लागला.

१९०६ मध्यें अडतीचे दर वाढल्यामुळें पशुपालकांनीं दुसऱ्यांदा स्वतःची अडतीची पेढी काढली. शिकागो, कॅन्सस सिटी व सेंट जोसेफ येथें तिच्या शाखा होत्या आणि मोठमोठे कळपवाले तिच्या पाठीशीं होते. तिजवरहि बहिष्कार पडला, आणि थोड्याच वर्षांत तिला गाशा गुंडाळावा लागला. याच वर्षीं अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी प्रसिद्ध होऊन शिकागोच्या कत्तलखान्यांतील घाणीविषयीं देशभर गिल्ला झाला, आणि मांसाच्या तपासणीचा कायदा त्याच सालीं पास झाला. शहरांतील गिऱ्हाइकाच्या पोटाची काळजी सरकारनें अशी तांतडीनें घेतली. गुरें पाळणाऱ्याच्या पोटाकडे लक्ष जावयास मात्र आणखी पंधरा वर्षें लागलीं.

तो योग महायुद्धानें आणिला. धान्यापासून मांसापर्यंत सर्व वस्तु महाग झाल्या, आणि लोक कारण विचारूं लागले. अध्यक्ष विल्सन यांनीं १९१७ मध्यें फेडरल ट्रेड कमिशनला मांसाच्या धंद्याची चौकशी करण्यास सांगितलें. चौकशींत जें बाहेर आलें तें शेतकरी पूर्वींपासून सांगतच होते: आंतरराज्य व्यापारासाठीं कापलेल्या गुरांपैकीं पांचांतील चार हिश्श्यांहून अधिक पांच कारखानदारांच्या हातीं होतीं, आणि बर्फाच्या वाघिणी व कित्येक पेठांची मालकी यांवरहि त्यांचाच ताबा होता. ज्या जागेवर सौदा व्हावयाचा ती जागाच घेणाऱ्याची, असा हा प्रकार होता. १९२० मध्यें संमतीनें झालेल्या हुकूमनाम्याप्रमाणें कारखानदारांनीं पेठांची मालकी सोडण्याचें मान्य केलें. १५ ऑगस्ट १९२१ रोजीं पेठा व कारखानदार यांवर शेतकी खात्याच्या मंत्र्यांची देखरेख ठेवणारा कायदा झाला. त्यास आव्हान मिळालें तेव्हां, १९२२ मध्यें, सर न्यायाधीश टॅफ्ट यांनीं निर्णय दिला कीं, गुरांची पेठ हें विश्रांतीचें स्थान नव्हे. पश्चिमेकडून पूर्वेकडे अखंड वाहणाऱ्या व्यापाराचा तो गळा आहे, आणि म्हणून तो मध्यवर्ती सरकारच्या अधिकारांत येतो. १८९८ चा विचार असा चोवीस वर्षांनीं मागें पडला. त्याच वर्षीं फेब्रुवारींत कॅपर-व्होल्स्टेड कायद्यानें शेतकऱ्यांच्या विक्री-संस्थांस मक्तेदारीविरोधी कायद्याच्या धाकांतून मोकळें केलें. अट एवढीच कीं, सभासदास एकच मत असावें किंवा भांडवलावरील नफा ८ टक्क्यांहून अधिक नसावा, आणि बाहेरच्यांचा व्यवहार सभासदांच्या व्यवहाराहून मोठा होऊं नये.

कायद्याची वाट न पाहतां शेतकरी पुढें सरकलेच होते. नेब्रास्काच्या ‘फार्मर्स युनियन’नें १९१७ मध्यें साउथ ओमाहाच्या पेठेंत सहकारी अडत सुरू केली. १९२१ मध्यें मिनेसोटाच्या रवानगी-मंडळ्यांनीं साउथ सेंट पॉल येथें स्वतःची मध्यवर्ती पेढी उघडली, आणि ती लवकरच त्या पेठेंतील अग्रगण्य पेढ्यांत गणली जाऊं लागली. त्याच सालीं ‘अमेरिकन फार्म ब्यूरो फेडरेशन’चे अध्यक्ष जेम्स हॉवर्ड यांनीं पंधरा जणांची समिति नेमली. तिच्या योजनेप्रमाणें ‘नॅशनल लाइव्ह स्टॉक प्रोड्यूसर्स असोसिएशन’ हा संघ निघाला, आणि १९२२ मध्यें ईस्ट सेंट लुई, इंडियानापोलिस, शिकागो अशा एकामागून एक पेठांत त्याच्या पेढ्या उघडल्या. नफ्याचा परतावा, ज्याबद्दल १८९० च्या सुमारास शेतकऱ्यांस हद्दपार केलें गेलें, तो आतां कायद्यास मान्य असा हक्क झाला होता.

तरीहि बहिष्काराचें शस्त्र एकदम म्यानांत गेलें नाहीं. ओक्लाहोमा सिटीच्या पेठेंतील अडते व व्यापारी यांनीं तेथील सहकारी पेढीशीं व्यवहार बंद केला. शेतकी मंत्र्यांनीं बहिष्कार थांबविण्याचा हुकूम काढला; प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९२९ मध्यें न्यायमूर्ति होम्स यांनीं दिलेल्या निर्णयानें मंत्र्यांचा हुकूम कायम झाला. चाळीस वर्षांपूर्वीं ज्या फाटकांतून शेतकऱ्याची पहिली पेढी बाहेर घालविली गेली होती, तसल्या फाटकांतून त्याला आतां कोणी हांकलूं शकत नव्हतें.

इतिहास येथें संपता तर तो विजयाचा इतिहास झाला असता. परंतु दार जिंकलें जात असतांनाच बाजार त्या दारापासून दूर सरकूं लागला होता. पक्क्या सडका झाल्या, मोटार-ट्रक आला, आणि शेतकरी दोन जनावरेंहि आपल्या फाटकापासून थेट नेऊं लागला. त्यामुळें वाघीण भरण्यासाठीं एकत्र येण्याचें कारणच उरलें नाहीं, आणि रवानगी-मंडळ्या १९३० नंतर झपाट्यानें मावळल्या. कारखानदार पेठेंत येण्याऐवजीं गांवांतच थेट खरेदी करूं लागले. तिसऱ्या बाजूनें लहान गांवांतून गुरांचे लिलाव सुरू झाले. पुढें १९६० मध्यें आयोवांत ‘आयोवा बीफ पॅकर्स’ ही कंपनी निघाली. कारखाना जेथें गुरें तेथेंच काढावयाचा, ही तिची रीत होती. जुन्या पेठांचा अर्थच त्यामुळें नाहींसा झाला. १९७१ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस शिकागोची पेठ बंद पडली. तिचें दगडी प्रवेशद्वार तेवढें अद्यापि उभें आहे.

सहकारी संस्थांपैकीं ज्यांनीं काळाची पावलें ओळखलीं त्या टिकल्या. विस्कॉन्सिन राज्यांत १९२२ मध्यें स्थापन झालेली ‘इक्विटी’ ही संस्था पेठेंतील अडत सोडून लिलावाच्या धंद्यांत शिरली, आणि शतक उलटून गेलें तरी ती चालू आहे. याहून धाडसी प्रयत्न १९९६ मध्यें झाला. पशुपालकांनीं ‘यू. एस. प्रीमियम बीफ’ ही सहकारी संस्था काढून मांसाच्या कारखान्यांतच भाग विकत घेतला, आणि २००३ मध्यें ‘नॅशनल बीफ’ या मोठ्या कंपनीची बहुसंख्य मालकी मिळविली. परंतु दुसऱ्याच वर्षीं संस्थेनें आपलें सहकारी स्वरूप बदलून कंपनीचें रूप घेतलें, आणि पुढें २०११ मध्यें बहुसंख्य मालकीहि दुसऱ्यांच्या हातीं गेली. दरम्यान २०१९ च्या सुमारास खुराकावर पोसलेल्या गुरांपैकीं सुमारें ८५ टक्के चार कारखानदारांच्या हातीं असल्याचें दिसून आलें. शंभर वर्षांपूर्वींच्या चौकशींतील प्रमाण जवळजवळ हेंच होतें; पांचांचे चार झाले एवढाच काय तो फरक.

तर मग या सर्व खटाटोपाचें फलित काय? शेतकऱ्यांच्या संघटनांनीं अडत वांचविली, वजनाचा कांटा सुधारला, पट्टी स्वच्छ केली, बहिष्कार बेकायदेशीर ठरविला. मधल्या माणसाच्या हातून जें जें सुटण्यासारखें होतें तें त्यांनीं सोडवून घेतलें. पण भाव ठरविण्याची सत्ता मधल्या माणसाजवळ नव्हतीच. ती त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या मोठ्या गिऱ्हाइकाजवळ होती, आणि तेथपर्यंत सहकाराचा हात क्वचितच पोहोंचला. जेथें पोहोंचला तेथें त्यास इतकें भांडवल ओतावें लागलें कीं, सहकार हा सहकार राहिला नाहीं. या मर्यादेमुळें त्या प्रयत्नाचें मोल कमी होत नाहीं. मात्र कोणतें काम सहकारानें होतें आणि कोणत्या कामास कायद्याची जोड लागते, हें त्यावरून नीट कळतें. शिकागोच्या दगडी कमानीखालून आतां गुरें जात नाहींत. पण नाशवंत माल हातीं घेऊन बाजारांत उभा राहिलेला माणूस अजून सर्व देशांत आहे. त्याच्या बाजूला त्याचे शेजारी उभे आहेत कीं नाहींत, आणि त्यांच्यापाठीं कायदा आहे कीं नाहीं, यावरच त्याच्या पट्टींतील शेवटचा आंकडा ठरत असतो.